पित्त ओळखून रुजणारा बीजाणू

छातीत कफ झाला म्हणून किंवा दाढ सुजली म्हणून अँटिबायोटिक सुरू झालं. पाच-सात दिवसांचा कोर्स पूर्ण झाला, मूळ दुखणं गेलं. आणि मग आठवड्याभरात जुलाब सुरू झाले. अँटिबायोटिकने पोट बिघडणं तसं नेहमीचंच, बहुतेकांचं दोन-चार दिवसांत आपसूक ताळ्यावर येतं. काहींचं मात्र येत नाही. दिवसातून दहा-दहा वेळा पाण्यासारखे जुलाब, पोटात कळा, ताप, आणि तपासणीत एक नाव सापडतं: क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल. डॉक्टर मंडळी थोडक्यात ‘सी. डिफ’ म्हणतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणणारा आणि वेळीच उपचार झाले नाहीत तर जिवावर बेतणारा हा जिवाणू. अमेरिकेत २०११ या एका वर्षात त्याचे साडेचार लाखांच्या आसपास रुग्ण झाले आणि निदानानंतरच्या महिन्याभरात सुमारे २९ हजार मृत्यू झाले, असा तिथल्या रोगनियंत्रण यंत्रणेच्या अभ्यासाचा अंदाज आहे.

हा जिवाणू पोटात आला कुठून? औषधाने जिवाणू मरायला हवे होते, मग हा जगला कसा? आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रश्न: तो नेमका याच वेळी का उठला? तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्याच्या बीजाणूत आहेत. त्यातही हा बीजाणू रुजतो त्या काही मिनिटांत.

बीज नव्हे, बंदिस्त जिवाणू

बीजाणू या शब्दाने थोडी गल्लत होते. बुरशी हजारो बीजाणू हवेत उधळते, ते तिच्या वंशविस्तारासाठी. जिवाणूंचं तसं नाही. इथे एका पेशीतून एकच बीजाणू तयार होतो, संख्या वाढत नाही. दिवस वाईट आले, अन्न संपलं, की पेशी स्वतःच्या आत एक छोटी पेशी घडवते, तिच्यावर थरावर थर चढवते आणि शेवटी बाहेरची पेशी फुटून जाते. उरतो तो बीजाणू. त्यात श्वसन नाही, वाढ नाही, मोजता येईल अशी हालचाल जवळजवळ नाही.

आतली रचना बाहेरून आत पाहत गेलं तर सगळ्यात वर एक सैलसर आवरण, त्याखाली प्रथिनांचं चिवट कवच, त्याखाली एक पातळ पटल, मग ‘कॉर्टेक्स’ नावाची जाडजूड भिंत, तिच्या आत उद्याच्या पेशीची पातळ भिंत, आणखी एक पटल, आणि मधोमध गाभा. या गाभ्यात जिवाणूचा डीएनए असतो. गाभ्यातलं पाणी इतकं कमी केलेलं असतं की रासायनिक क्रिया चालायला जागाच उरत नाही. पाण्याच्या जागी कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक आम्ल यांची जोडी ठासून भरलेली असते. डीएनएला बारीक प्रथिनं बिलगून बसलेली असतात, त्यामुळे त्याला इजा होत नाही. कॉर्टेक्सची भिंत या सगळ्याला चहूबाजूंनी आवळून धरते. ती सैल झाली तर गाभा पाणी पिऊन फुगेल, म्हणून ती सैल होऊ द्यायची नाही. ही भिंत पुढे या गोष्टीत पुन्हा येणार आहे, तेव्हा तेवढी लक्षात असू द्या.

उगवत्या अवस्थेतला सी. डिफ हवेतल्या ऑक्सिजनने मरतो. त्याला प्राणवायू सोसतच नाही. पण त्याचा बीजाणू पलंगाच्या कठड्यावर, दाराच्या मुठीवर, संडासाच्या बैठकीवर महिनोन्महिने टिकतो. कोरडेपणा त्याला चालतो, पोटातलं आम्ल चालतं, हात चोळायचं अल्कोहोल तर त्याला लागतच नाही. माणसाकडून माणसाकडे जातो तो हाच. रुग्णाच्या विष्ठेतून बाहेर, तिथून एखाद्या पृष्ठभागावर, तिथून कुणाच्या तरी हातावर आणि मग तोंडात. अँटिबायोटिक घेतलेल्या आपल्या रुग्णाच्या पोटात तो असाच कधीतरी पोचलेला असतो.

जिवाणूंच्या बीजाणूंची ओळख जुनी आहे. फर्डिनांड कोहन आणि रॉबर्ट कॉख यांनी १८७६ साली त्यांची नीट वर्णनं केली. त्याच सुमारास जॉन टिंडल या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाला त्यांनी भलताच त्रास दिला. वाळलेल्या गवताचा काढा तो उकळायचा, तरी त्यात जिवाणू उगवायचे. शेवटी त्याने वेगळी वाट काढली: थोडा वेळ उकळायचं, एक दिवस तसंच ठेवायचं, पुन्हा उकळायचं, पुन्हा ठेवायचं, पुन्हा उकळायचं. मधल्या वेळात बीजाणू रुजतात, आणि रुजलेला जिवाणू साध्या उकळण्याने मरतो. झोपलेल्याला मारता येत नाही, पण जागा झालेल्याला येतं, हे टिंडलने दाखवून दिलं. सी. डिफच्या बाबतीत आज जे संशोधन चाललंय त्याच्या मुळाशी हाच मुद्दा आहे, फक्त इथे काढ्याच्या जागी आपलं आतडं आहे.

झोपेतून कळतं कसं?

बीजाणूला ना भूक लागते ना तो अन्न शोधतो. तरी योग्य जागी पोचल्याचं त्याला कळावंच लागतं. चुकीच्या जागी रुजला तर संपला, कारण रुजणं हा एकेरी रस्ता आहे. एकदा सुरुवात झाली की परत बीजाणू होता येत नाही. त्यासाठी पुन्हा वाढून, पुन्हा सगळी बांधणी करावी लागते. टेबलावर पडलेला सी. डिफचा बीजाणू हवेत रुजला तर तिथल्या तिथे मरेल. म्हणून ‘इथे रुजू का’ हा प्रश्न त्याच्यासाठी जीवनमरणाचा आहे.

मातीत राहणाऱ्या बॅसिलस जातीच्या बीजाणूंना अ‍ॅलानिनसारखी अमिनो आम्लं किंवा साखरेचे काही रेणू जागं करतात. जिथे हे रेणू आहेत तिथे खायलाही असणार, हा सरळ हिशेब. त्यासाठी त्यांच्या आतल्या पटलात खास संवेदक प्रथिनं बसवलेली असतात. जवळजवळ सगळ्या बीजाणूधारी जिवाणूंत ती सापडतात. सी. डिफचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला तेव्हा त्यात ही प्रथिनंच सापडली नाहीत. याची पद्धत वेगळी आहे हे तेव्हा उघड झालं.

तो ओळखतो पित्त.

याचा सुगावा प्रयोगशाळांना आधीच लागला होता. १९८० च्या दशकात असं लक्षात आलं की ज्या खाद्यमाध्यमावर हे जिवाणू वाढवायचे त्यात टॉरोकोलेट नावाचा पित्तक्षार घातला की विष्ठेच्या नमुन्यातून सी. डिफ कितीतरी जास्त प्रमाणात उगवतो. तो घालण्याची पद्धत पडली. मात्र त्याचा नेमका अर्थ लागला २००८ मध्ये. जोसेफ सॉर्ग आणि अब्राहम सोनेनशाइन यांनी दाखवलं की टॉरोकोलेटसारखा पित्तक्षार आणि ग्लायसिन हे साधं अमिनो आम्ल, दोन्ही एकत्र मिळाले की बीजाणू रुजतो. पुढे कॅल्शियमही या कामात मदत करतं असं दिसून आलं.

दोन खुणा एकदम जुळल्याशिवाय दार उघडायचं नाही, ही गोष्ट मला फार विचार करायला लावते. ग्लायसिन मातीतही मिळेल, सडलेल्या पानातही मिळेल. पित्त मात्र प्राण्याच्या आतड्याशिवाय कुठे असणार? पित्त म्हणजे पत्ता, ग्लायसिन म्हणजे तिथे शिधा असल्याची खूण. पत्ता बरोबर आणि घरात शिधा आहे, एवढी खात्री पटली की मगच उठायचं.

काही मिनिटांत काय काय घडतं

हे डोळ्यांनी पाहता येतं. फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली झोपलेला बीजाणू पांढऱ्या मोत्यासारखा चमकतो. आत पाणी कमी, सगळं घट्ट भरलेलं, म्हणून प्रकाश वेगळ्या तऱ्हेने वळतो. त्यात ३७ अंश तापमानाला टॉरोकोलेट आणि ग्लायसिनचं द्रावण सोडलं की सुरुवातीला काहीच होत नाही. मग एखादा मोती विझतो. कडेकडेने नाही, सगळाच्या सगळा करडा, मग काळपट. शेजारचा अजून चमकतच असतो. मग तोही विझतो. सगळे एकाच क्षणी विझत नाहीत, प्रत्येकाची वेळ निराळी. परीक्षानळीत हेच मोजायचं तर द्रावणाचा गढूळपणा उतरताना दिसतो, कारण पाणी शिरलेले बीजाणू प्रकाश कमी विखुरतात. रुजण्याचा वेग मोजायची ही आजही नेहमीची पद्धत.

आत नेमकं काय होतं ते समजायला तीन प्रथिनांची ओळख हवी. त्यांची नावं जरा रुक्ष आहेत: सीएसपीए, सीएसपीबी आणि सीएसपीसी. तिघंही एकाच कुळातली, प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमांच्या कुळातली. म्हणजे कात्र्याच म्हणा. पण तिघांपैकी धार फक्त सीएसपीबीला आहे. बाकी दोघांची पाती उत्क्रांतीच्या ओघात बोथट झाली आहेत, कापायला लागणारे नेमके घटकच त्यांच्यातून गेलेत. त्या कात्र्या बिनकामाच्या झाल्या असं मात्र नाही, त्यांच्याकडे निरोप ओळखण्याचं काम आलं. सीएसपीसीमध्ये एक छोटा बदल घडवला की बीजाणू भलत्याच पित्ताम्लाला ‘हो’ म्हणू लागतो, हे २०१३ मध्ये सॉर्ग यांच्याच प्रयोगशाळेने दाखवलं. त्यामुळे पित्ताची खूण कळण्यात त्याचा हात आहे यावर शिक्कामोर्तब झालं. अमिनो आम्लाची खूण ओळखण्यात सीएसपीएचा वाटा आहे, हे नंतरच्या प्रयोगांतून पुढे आलं.

दोन्ही खुणा पटल्या की सीएसपीबीची कात्री चालते. ती कापते एसएलईसी नावाच्या एन्झाइमचं टोपण. हे एन्झाइम बीजाणू तयार होतानाच आत ठेवलेलं असतं, पण तोंडावर टोपण लावून, म्हणजे वेळेआधी काही करायला नको. टोपण उडालं की ते कॉर्टेक्सची भिंत खायला लागतं.

इथे एक बारकावा आहे, आणि मला तो या सगळ्या यंत्रणेतला सर्वांत सुंदर भाग वाटतो. कॉर्टेक्सच्या आत लगेच दुसरी भिंत आहे, उद्याच्या पेशीची. दोन्ही भिंती एकाच प्रकारच्या मालाच्या, पेप्टिडोग्लायकनच्या. मग एसएलईसी आतली भिंतही का खात नाही? कारण कॉर्टेक्स बांधतानाच तिच्या साखरेच्या साखळीत ठरावीक अंतराने एक वेगळी कडी घातलेली असते, म्युरामिक लॅक्टम नावाची. ही कडी आतल्या भिंतीत नसते. एन्झाइम ही कडी ओळखूनच कापतं. पाडायची भिंत कोणती आणि राखायची कोणती, याची खूण बांधकामाच्या वेळीच करून ठेवलेली असते.

भिंत सैल पडली की आतला दाब बदलतो, पटल ताणलं जातं. त्या ताणाने पटलातली वाट उघडते आणि गाभ्यात ठासून भरलेली कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक आम्लाची जोडी बाहेर पडते. तिच्या जागी पाणी आत घुसतं. सूक्ष्मदर्शकाखाली मोती विझतो तो याच क्षणी. बॅसिलसमध्ये हा क्रम नेमका उलटा असतो: तिथे आधी गाभ्यातला साठा बाहेर येतो आणि मग भिंत पडते. सी. डिफमध्ये आधी बाहेरची भिंत, मग आतलं. संशोधक पहिल्याला आतून बाहेर आणि दुसऱ्याला बाहेरून आत म्हणतात.

पाणी मिळालेला गाभा पुन्हा जिवंत पेशीसारखा वागू लागतो. डीएनएला बिलगलेली प्रथिनं कापून त्यांच्यापासून पहिली शिदोरी तयार होते, प्रथिनं बनायला लागतात, पेशी फुगते, कवच फाडून बाहेर येते. याला काही तास लागतात. पण निर्णय झाला तो पहिल्या काही मिनिटांत. आणि त्या मिनिटापासून हा जिवाणू पुन्हा मारता येण्याजोगा झाला.

मग रोज का होत नाही?

इथवर वाचून कुणालाही प्रश्न पडेल. पित्त तर आपल्या प्रत्येकाच्या आतड्यात आहे. ग्लायसिनही आहे. मग ज्याच्या पोटात बीजाणू गेला तो प्रत्येक जण आजारी का पडत नाही?

कारण पित्त ही एकच वस्तू नाही. यकृत कोलेस्टेरॉलपासून दोन मुख्य पित्ताम्लं बनवतं, कोलिक आणि किनोडिऑक्सिकोलिक. त्यांना टॉरिन किंवा ग्लायसिनचं शेपूट लावून ती पित्ताशयात आणि तिथून लहान आतड्यात पाठवली जातात. चरबी पचायला मदत केली की लहान आतड्याच्या शेवटच्या भागात त्यांतली जवळजवळ ९५ टक्के परत शोषली जातात आणि यकृताकडे जातात. उरलेली थोडी मोठ्या आतड्यात उतरतात.

तिथे आपले रोजचे जिवाणू त्यांची वाट पाहत असतात. आधी बरेच जण मिळून शेपूट कापतात. पुढचं काम फार थोड्यांना जमतं. त्यांतला सर्वांत माहितीचा क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्स. हा सी. डिफचा दूरचा नातलगच, पण आपल्या बाजूचा. हे मोजके जिवाणू पित्ताम्लाच्या रेणूतला एक ठरावीक ऑक्सिजनचा तुकडा काढून टाकतात. कोलिक आम्लाचं होतं डिऑक्सिकोलिक, किनोडिऑक्सिकोलिकचं होतं लिथोकोलिक. यांना दुय्यम पित्ताम्लं म्हणतात.

बीजाणूच्या नजरेतून आता ही चार नावं वाचू या. कोलिकच्या कुळातली पित्ताम्लं (मघाचं टॉरोकोलेट त्यांतलंच) सांगतात ‘रूज’. किनोडिऑक्सिकोलिक सांगतं ‘थांब’. डिऑक्सिकोलिक जरा घातक आहे: त्याने बीजाणू रुजतो खरा, पण रुजलेल्या जिवाणूला ते वाढू देत नाही. लिथोकोलिकही त्याच्या विरोधातच. म्हणजे निरोगी माणसाच्या मोठ्या आतड्यात सी. डिफ उठला तरी त्याचं पाऊल पुढे पडत नाही.

उंदरांवरच्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलं. लहान आतड्यातलं द्रव्य घेऊन त्यात बीजाणू टाकले तर अँटिबायोटिक दिलेलं असो वा नसो, ते रुजतात. फरक पडतो पुढे, मोठ्या आतड्यात. अँटिबायोटिक न दिलेल्या उंदरांच्या मोठ्या आतड्यातल्या द्रव्यात जिवाणू वाढत नाही. अँटिबायोटिक दिलेल्यांच्या द्रव्यात मात्र तो फोफावतो. २०१५ मध्ये आणखी एक पायरी गाठली गेली: अँटिबायोटिकने आतडं रिकामं झालेल्या उंदरांना क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्स दिला, तेव्हा दुय्यम पित्ताम्लं परत दिसू लागली आणि सी. डिफपासून त्यांचा बचाव वाढला.

सगळं श्रेय पित्ताला देणं बरोबर होणार नाही. रोजचे जिवाणू अन्नही वाटून खातात. सी. डिफला वाढायला लागणारी अमिनो आम्लं, विशेषतः प्रोलिन आणि ग्लायसिन, त्यांच्याच तोंडचा घास असतो. ते गेले की पान वाढलेलं तयार. पित्त आणि अन्न, दोन्ही गोष्टी एकदम बदलतात, म्हणूनच परिणाम इतका मोठा होतो.

आता सुरुवातीच्या रुग्णाकडे परत येऊ. त्याने घेतलेल्या औषधाने छातीतले किंवा दाढेतले जिवाणू मारले, तसे आतड्यातलेही मारले. पित्ताम्लाचं रूप बदलणारे ते मोजके जिवाणू त्यातच गेले. मोठ्या आतड्यात ‘थांब’ म्हणणारे आवाज कमी झाले आणि ‘रूज’ म्हणणारे उरले. बीजाणू तेवढ्या काळात तिथून जात होता, किंवा आधीपासून बसलेला होता. औषध त्याला लागलंच नाही, कारण बहुतेक अँटिबायोटिकं वाढत्या पेशीच्या कामात अडथळा आणतात आणि इथे काम बंदच होतं. औषध ओसरलं, तो उठला.

पुढचं काम त्याची दोन विषं करतात. ती आतड्याच्या पेशींमध्ये शिरून पेशीचा सांगाडा सांभाळणाऱ्या प्रथिनांना साखरेचा रेणू चिकटवतात आणि ती प्रथिनं निकामी होतात. सांगाडा ढासळला की पेशी गोल होऊन सुटतात, एकमेकींतले सांधे उघडतात, पाणी आत वाहू लागतं. म्हणूनच जुलाब.

तान्ह्या बाळांचं मात्र वेगळं. या जिवाणूचा पहिला उल्लेख १९३५ मध्ये झाला तो नवजात बाळांच्या विष्ठेतूनच. आयव्हन हॉल आणि एलिझाबेथ ओटूल यांना तो वेगळा काढून वाढवणं फार अवघड गेलं, म्हणून नावात ‘डिफिसिल’, म्हणजे अवघड. बाळं मात्र ठणठणीत होती. अनेक बाळं आजही हा जिवाणू बाळगतात आणि आजारी पडत नाहीत. माणसाच्या कोलायटिसशी, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुजेशी, त्याचं नातं जुळायला १९७८ उजाडावं लागलं.

नातलगांची गोष्ट थोडक्यात

सगळे बीजाणू पित्त पाहत नाहीत. अन्नातून विषबाधा करणारा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स घ्या. मोठ्या भांड्यात शिजवलेल्या मांसात त्याचे बीजाणू उष्णतेतून वाचतात, उलट उष्णतेने ते रुजायला अधिक तयार होतात. भांडं हळूहळू निवत जातं, आणि त्या कोमट टप्प्यात ते उठतात. मनासारखं तापमान मिळालं तर याची संख्या दहा-बारा मिनिटांत दुप्पट होते. आणखी विशेष म्हणजे याचं विष बनतं ते रुजताना नव्हे, आपल्या आतड्यात पोचल्यावर पुन्हा बीजाणू होताना. म्हणून शिजवलेलं अन्न लवकर थंड करून फ्रिजमध्ये ठेवणं किंवा गरमच ठेवणं, मधल्या कोमट अवस्थेत तासन् तास न ठेवणं, हे त्या बीजाणूला रुजण्याची संधी न देण्यासाठी आहे. वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नये, यामागेही बीजाणूच आहे, बोट्युलिझम या स्नायू लुळे पाडणाऱ्या आजाराच्या जिवाणूचा. त्या वयात आतड्यातली रोजची वस्ती जमलेली नसते, म्हणून तो तिथे रुजून वाढू शकतो.

हात, औषध, आणि परत येणारा आजार

रुजण्याची ही गोष्ट कळली की व्यवहारातल्या बऱ्याच सूचनांचा अर्थ लागतो. सी. डिफच्या रुग्णाला हात लावल्यावर अल्कोहोलचं सॅनिटायझर पुरत नाही. साबण आणि वाहतं पाणी हवं, कारण बीजाणू मरत नसला तरी धुऊन जातो. संडास आणि पृष्ठभाग पुसायला क्लोरिनचं ब्लीच लागतं. आणि अँटिबायोटिक गरज नसताना घेऊ नये, हे तर आहेच. सर्दी-पडशाला घेतलेली गोळी विषाणूवर काम करत नाही, पण पित्ताम्लं बदलणाऱ्या त्या मोजक्या जिवाणूंवर नक्की करते. डॉक्टरांनी विचार करून दिलेला कोर्स मात्र मनाने अर्धवट सोडू नये. औषध चालू असताना किंवा संपल्यावर दोन-तीन महिन्यांत दिवसाला तीन किंवा जास्त पातळ जुलाब होऊ लागले तर घेतलेल्या अँटिबायोटिकचं नाव डॉक्टरांना आवर्जून सांगावं. जुलाब थांबवायची गोळी त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

या आजारात सर्वांत हताश करणारी गोष्ट म्हणजे तो परत येतो. व्हॅन्कोमायसिन हे सी. डिफला मारणारं अँटिबायोटिक दिलं जातं, जुलाब थांबतात, माणूस घरी जातो, आणि साधारण पाचातल्या एकाला काही आठवड्यांत पुन्हा तेच. एकदा परत आला की पुन्हा येण्याची शक्यता आणखी वाढते. औषधाने वाढते जिवाणू मारले, बीजाणू तसेच राहिले, आणि आतड्यातली चांगली वस्ती त्याच औषधाने अजून मोडकळलेलीच. बीजाणू बनवण्याचं जनुकच काढून टाकलेला सी. डिफ उंदरांना दिला, तर आजार होतो, पण परत येत नाही. परतण्याचं मूळ कुठे आहे ते यातून दिसतं. फिडॅक्सोमायसिन हे औषध व्हॅन्कोमायसिनपेक्षा परतीचं प्रमाण कमी ठेवतं. आतड्यातल्या बाकीच्या जिवाणूंना ते कमी धक्का लावतं आणि नवे बीजाणू बनण्यातही अडथळा आणतं.

मग रुजणंच थांबवता येईल का? पित्ताच्या रेणूसारखाच दिसणारा, पण कुलपात अडकून बसणारा रेणू बनवण्याचा प्रयत्न झाला आहे. कॅमएसए नावाच्या अशा एका रेणूने उंदरांना सी. डिफच्या आजारापासून वाचवलं, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. उलटी वाटही संशोधक चाचपत आहेत: सगळ्या बीजाणूंना मुद्दाम एकदम जागं करायचं आणि मग मारायचं. टिंडलच्या काढ्याचीच रीत.

रुग्णांपर्यंत आज जे पोचलंय ते मात्र तिसऱ्याच वाटेने. निरोगी माणसाच्या विष्ठेतले जिवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडायचे. २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या एका चाचणीत वारंवार उलटणाऱ्या सी. डिफच्या १६ रुग्णांना असे जिवाणू दिले, त्यांतले १३ पहिल्याच खेपेत बरे झाले. नुसत्या व्हॅन्कोमायसिनच्या गटाशी फरक इतका मोठा होता की चाचणी आधीच थांबवावी लागली. उपचाराआधी अशा रुग्णांच्या विष्ठेत प्राथमिक, म्हणजे यकृताने बनवलेली, पित्ताम्लं भरलेली असतात, उपचारानंतर दुय्यम परत येतात, हेही पुढे मोजलं गेलं.

आता या उपचाराची कॅप्सूलही झाली आहे. अमेरिकेत एप्रिल २०२३ मध्ये तिला मान्यता मिळाली. तिच्या चाचणीत आठ आठवड्यांत आजार परत येण्याचं प्रमाण नुसती दिखाऊ कॅप्सूल घेतलेल्यांत ४० टक्के, तर ही घेतलेल्यांत १२ टक्के होतं. या कॅप्सूलमध्ये असतात बीजाणू, निरोगी माणसांच्या आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंचे. दात्याच्या विष्ठेवर इथेनॉलची प्रक्रिया करतात. उघडे जिवाणू मरतात, कवचातले तेवढे उरतात. तेच पोटातल्या आम्लातून सुखरूप जातात.

आपल्या आतड्यातल्या नेहमीच्या वस्तीतले पुष्कळ जिवाणू बीजाणू बनवतात, आणि त्यांतल्या अनेकांना जागं करायला प्रयोगशाळेत घालावा लागतो तो टॉरोकोलेटच, हे २०१६ मध्ये समजलं. कॅप्सूल गिळली की हे बीजाणू लहान आतड्यात पोचतात, तिथे पित्तात भिजतात, आणि सी. डिफचे बीजाणू ज्या खुणेने उठतात तशाच खुणेने तेही उठतात. मग मोठ्या आतड्यात उतरून ते तिथे वस्ती करतात आणि त्यांच्यासोबत दुय्यम पित्ताम्लंही परत दिसू लागतात.